दामू गार्डचं शेवटचं पान

ऑफिसात जे घडतं ते फाइलला लागतं, नाहीतर मेलमधून कुणाला तरी सीसीत जातं. कंपनीच्या बसमध्ये जे घडतं त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. त्यामुळे ते किस्से नुसते साठत राहतात. मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत कुणी सहज विचारतं, "काय म्हणते तुमची कंपनी?" की मी सुरू होते, ती मठ्ठा आला तरी थांबत नाही. आमचे हे अशा वेळी मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसतात.

आमची कंपनी चिंचोळी एमआयडीसीत आहे. टॉवेल बनवते. मी अकाउंट्सला. सकाळी 'सात रस्ता' चौकातून बस निघते आणि बाळं, केगाव करत चिंचोळीला पोचते. बसचे ड्रायव्हर सिद्राममामा. अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कानडी बोलतात, बसमध्ये मराठी, आणि आडव्या येणाऱ्या ट्रकवाल्यांशी या दोन्ही भाषांत न बसणारं काहीतरी. पुढचं सगळं या बसमध्ये घडलं.

*

सुरुवात स्टोअरच्या मानेभाऊंनी केली. मानेभाऊ मूळचे वैरागचे. चलनावरची सही सोडली तर हा माणूस काही वाचत असेल असा संशय आम्हाला कधी आला नव्हता. पॅकिंगसाठी स्टोअरमध्ये रद्दीचे गठ्ठे येतात, त्यातल्या एका गठ्ठ्यात त्यांना एक पॉकेटबुक सापडलं. कव्हरवर लाल सिग्नल, एक कंदील आणि किंचाळणारी एक बाई. ही बाई पुस्तकात कुठेही नव्हती, हे पुढे आम्हाला कळलं! पुस्तकाचं नाव 'बंद सिग्नलचं रहस्य'. लेखक 'जंक्शनकर', एवढंच. खाली बारीक अक्षरात 'जंक्शन रहस्यमाला, पुष्प चौथे'.

नायक म्हणजे दामू गार्ड. कुर्डुवाडीचा रिटायर झालेला रेल्वे गार्ड. खून झाला की पोलीस आधी चहा पितात आणि मग दामू गार्डला बोलावतात. तो सगळ्यांना फलाटावर गोळा करतो, एकेकाकडे बघत येरझाऱ्या घालतो, आणि खुनी सापडला की खिशातली शिट्टी काढून वाजवतो.

मानेभाऊ संध्याकाळी बसमध्ये ते वाचत बसले. त्यांचा स्टॉप आला, गेला. सगळे उतरले. मामांनी बस नेहमीच्या जागेवर लावली, दारं-खिडक्या बंद करायला मागे आले, तर शेवटच्या सीटवर मानेभाऊ! तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. आवाज मामांपर्यंत ऐकू येत होता.

"अवो, कुटं हाय तुमी?"

मानेभाऊंनी पुस्तकातून मान वर न करता उत्तर दिलं, "थांब की गं जरा! पोर्टर खोटं बोलालाय!"

*

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच ते पुस्तक हवं होतं. प्रत एक आणि डोकी बसभर. शेवटी ठरलं, की एकाने मोठ्याने वाचायचं. माझा आवाज खणखणीत आहे. घरी त्याला दुसरा शब्द वापरतात. तर मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर उलटी बसून वाचायला लागले.

मामांना कानडी वाचता येतं, मराठी वाचता येत नाही. ऐकायला मात्र कान इतके तयार, की मी एक ओळ गाळली तरी पकडत. कथेत धावपळ आली की बस पळायची. दामू गार्ड विचारात पडला की बस मागचे लोक हॉर्न मारून दमेपर्यंत हळू चालायची. एकदा खुनाच्या प्रसंगाला केगाव आलं, आणि प्रकरण संपेपर्यंत मामांनी बस कडेला लावून ठेवली. सगळ्यांचं पंचिंग लेट!

एचआरचे साहेब पुण्याहून आलेले आहेत, शिस्तीचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बसमध्ये नोटीस चिकटवली : 'प्रवासादरम्यान मोठ्याने वाचन करू नये. चालकाचे लक्ष विचलित होते.' बस सुरू करता करता मामांनी त्या कागदाकडे मान वळवली.

"मॅडम, काय लिवलंय ओ त्याच्यात? जरा मोठ्यानं वाचा की!"

त्यानंतर साहेबांची गाडी सर्व्हिसिंगला गेली. पहिल्या दिवशी ते बसमध्ये ताठ बसून होते. दुसऱ्या दिवशी कानातले हेडफोन काढले. तिसऱ्या दिवशी मीटिंगमुळे त्यांची संध्याकाळची बस चुकली, तर मला घरी फोन! मला वाटलं, आता मेमो. पलीकडून हळूच आवाज आला, "मॅडम, त्या पोर्टरचं काय झालं हो?"

त्यांची गाडी कधीच दुरुस्त होऊन आली. साहेब अजून बसनेच येतात. विचारलं तर म्हणतात, "पेट्रोल वाचतं."

*

पुस्तक संपलं, शिट्टी वाजली आणि बस ओस पडली. चौथं पुष्प आहे म्हणजे आधीची तीन असणार, पुढची किती असतील देव जाणे. पण मिळणार कुठे? मी शहरातलं एकही दुकान सोडलं नाही. एका दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्पर्धा परीक्षेचं देऊ का, ताई? त्यात पण शेवटपर्यंत कुणाचं काय होणार ते कळत नाही."

आमच्या लॅबमधली श्रीलता, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलते आणि हट्टाला पेटली की कुठल्याच भाषेत ऐकत नाही. पुण्याला भावाकडे निघाली होती. गाडी कुर्डुवाडीला थांबली तशी खाली उतरली आणि स्टॉलवर चौकशी करायला लागली. तिथे एक म्हातारा हमाल बसला होता.

"दामू गार्ड व्हय? आमच्या क्वार्टरच्या मागंच ऱ्हायचं की! लई कडक माणूस!"

श्रीलता म्हणाली, "आजोबा, तो गोष्टीतला माणूस आहे."

"आसंल की. पर ऱ्हायचं तितंच!"

एवढ्यात चहावाला मध्ये पडला. "आमच्याकडंच यायचे रोज. बिनसाखरेचा घ्यायचे."

आता श्रीलतालाही राहवेना. ती भांडायला उठली, "काहीतरीच काय! पुस्तकात तर ते चार चमचे साखर घेतात!"

चहावाल्याने किटली खाली ठेवली. "ताई, पुस्तकात काय बी लिवतेत. चहा कोन करत हुतं? मी!"

या वादात तिची गाडी निघून गेली. भावाला तिने फोनवर काय कारण सांगितलं, ते ती आम्हाला सांगत नाही.

*

पुढची दोन पुस्तकं मिळाली ती पुन्हा मानेभाऊंमुळेच. वैरागला त्यांच्या चुलत्यांनी धान्याच्या कोठीशेजारी, ट्रंकेत जपून ठेवली होती. चुलते पुस्तकं द्यायला तयार झाले, पण एका अटीवर : आधी त्यांच्या तोंडून सगळी गोष्ट ऐकायची. मानेभाऊ दिवसभर ओसरीवर बसले आणि दोन पुस्तकं हातात व दोन खुनी डोक्यात घेऊन परत आले.

आता या माणसाचं करायचं काय? आम्ही त्यांना देवाची शपथ घातली. त्यांनी तोंड उघडलं नाही, हे मान्य करायला हवं. पण खुनी कथेत आला रे आला की मानेभाऊ एकदम खिडकीबाहेरचं शेत बघायला लागायचे! आम्ही त्यांना शेवटच्या सीटवर हलवलं. तरी मामा दर वेळी दहा-पंधरा पानं आधीच खुनी ओळखायचे. आम्हाला मामांच्या बुद्धीचं फार कौतुक वाटायला लागलं होतं.

मग श्रीलताच्या लक्षात आलं. मामा रस्ता कमी बघत होते आणि आरशातून माने जास्त!

*

मामांचं स्वतःचं असं एकच अनुमान होतं, आणि ते पहिल्या पानावर तयार असायचं.

"मेव्हणाच हाय बगा ह्यो!"

"मामा, यात मेव्हणा नाहीच."

"अजून यायचा आसंल. थांबा की!"

तिजोरी फुटो, विषप्रयोग होवो, मामांचा मेव्हणा तयार! आम्ही हसायचो. एक दिवस मानेभाऊंनी मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, आणि मग मला हसू येईना.

मामांच्या बायकोचा सख्खा भाऊ दुधनीला असतो. मामांच्या मुलीच्या लग्नात मामांच्या वडिलांचं चांदीचं कडं खोलीतून नाहीसं झालं. त्या खोलीतून शेवटी बाहेर पडताना लोकांनी पाहिला तो हा मेव्हणा. कुजबुज सुरू झाली तसा तो पंगतीत न बसता, कुणाशी न बोलता निघून गेला. झालं! तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मामी एकट्याच माहेरी जातात. मामा त्यांना दुधनीच्या स्टँडवर सोडतात आणि तिथूनच माघारी फिरतात.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, त्यांनीच घेतलं कशावरून?"

मामांनी गिअर बदलला. "चोर नसता तर जेवला असता की, मॅडम!"

*

आणि नेमकं तेव्हाच रद्दीवाल्याकडून मानेभाऊंना आणखी एक पुस्तक मिळालं. 'कुर्डुवाडीला न उतरलेला माणूस'. एका आडस्टेशनचा मास्तर आपल्या खोलीत मरून पडलेला. त्या खोलीतून शेवटी बाहेर पडताना लोकांनी कुणाला पाहिलं? मेव्हण्याला! मेव्हण्याचं तिकीट कुर्डुवाडीचं, तिथे मास्तरची बायको, म्हणजे त्याची बहीण, राहते. आणि हा गडी कुर्डुवाडीला उतरतच नाही. तसाच पुढे निघून जातो.

मी एवढं वाचलं आणि मामांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आला का न्हाय!"

त्या पुस्तकाएवढं शांतपणे बसने काही ऐकलं नाही. मामांनी रोज स्वतःची बाजू मांडावी तशी मेव्हण्याविरुद्ध बाजू मांडली. साहेबांचं मत पडलं की स्टेशनात तारा पाठवणाऱ्या तारबाबूवर लक्ष ठेवायला हवं. साहेब मत देताना सीटवर उभे राहिले होते, ते जाऊ दे. शेवटी सगळे फलाटावर जमले. दामू गार्डने एकेकाकडे पाहिलं. खिशात हात घातला. शिट्टी ओठांना लावली, आणि...

पुढचं पान नव्हतं! फाटलेलं नव्हतं, पट्टी लावून नीट कापून काढलेलं होतं.

बसमध्ये जो आरडाओरडा झाला तो ऐकून टोलनाक्यावरचा माणूस बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चढले तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, महिनाअखेर मी रिटायर. मंग गावाकडं. तितं मराठी कोन वाचनार मला? त्याच्या आत मेव्हण्याचं काय ते कळालं पायजे."

त्या माणसाने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. आम्ही कामाला लागलो.

*

पुस्तकावर पुसट शिक्का होता : 'बिराजदार वाचनालय, शुक्रवार पेठ'. श्रीलता आणि मी रविवारी शोधत गेलो. वाचनालय बंद होऊन जमाना झाला होता. पण वरच्या मजल्यावर बिराजदारकाका होते, आणि इस्त्रीचा सदरा घालून, कुणीतरी येणारच आहे अशा थाटात बसले होते.

शेवटच्या पानाचं विचारल्यावर काका खुशीत आले. "मीच कापलं की! रहस्यकथा नेली की लोक परत आणायचेच नाहीत. एक वाचणार, शेजाऱ्याला देणार, शेजारी गावाला नेणार. मग मी शेवटचं पान काढून माझ्याकडे ठेवायला लागलो. पुस्तक जमा करायचं आणि शेवटचं पान इथं काउंटरला उभ्याने वाचायचं. गर्दी व्हायची हो संध्याकाळी! एकेक जण वाचून डोक्याला हात लावून खाली उतरायचा."

मी विचारलं, "ती पानं अजून आहेत?"

काकांनी बिस्किटांचा डबा काढला. आत पानांचा गठ्ठा! वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, डांबरगोळ्यांसकट.

"इतकी वर्षं सांभाळून ठेवलीत?"

काकांनी माझ्याकडे रागाने बघितलं. "म्हणजे? टाकू कशी? पुस्तकं यायचीत की अजून!"

श्रीलताने हळूच मोबाइल काढला. काकांनी डब्याचं झाकण लावलं. "फोटो काढला म्हणजे नेलंच की. ते चालायचं नाही. आणि वाचक कोण?"

मी म्हटलं, "आमचे मामा. त्यांना मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवते."

"तुम्ही वाचा. पण ऐकणाऱ्याला उभं करा इथं. नियम म्हणजे नियम. आणि पुस्तक आधी जमा!"

*

महिनाअखेरच्या संध्याकाळी, मामांच्या शेवटच्या फेरीला, बस आपल्या रस्त्याने जाण्याऐवजी शुक्रवार पेठेकडे वळली. परवानगी कुणाची, असं विचारणारे एकच साहेब, आणि ते सर्वांत आधी खाली उतरले. गल्लीत बस शिरेना, म्हणून ती तोंडाशी लावून अख्खी शिफ्ट चालत निघाली. एवढी माणसं बघून काकांना जिना उतरून यावं लागलं. त्यांनी खाली एक टेबल मांडलं आणि म्हणाले, "हा काउंटर." मी पुस्तक जमा केलं. काकांनी ते उलटून पाहिलं, "उशीर केलात," म्हणाले आणि पान माझ्या हातात दिलं.

मामा समोर उभे राहिले, हात मागे बांधून.

मी वाचलं. शिट्टी वाजली. दामू गार्डने बोट दाखवलं ते तारबाबूकडे! साहेबांनी मूठ हवेत उडवली, पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून ती खाली घेतली. मग दामू गार्ड मेव्हण्याला विचारतो, तू पळालास का? मेव्हणा म्हणतो, "खोलीत गेलो तेव्हा दाजी आधीच गेलेले होते. शेवटी मीच बाहेर पडलो, लोकांनी पाहिलं. आता कोण विश्वास ठेवणार? कुर्डुवाडी आली, पण बहिणीला तोंड कसं दाखवू, म्हणून उतरलोच नाही."

मी पान खाली घेऊन मामांकडे बघितलं.

मामा म्हणाले, "तेवढं परत वाचा."

मी परत वाचलं. काकांनी पान मागून घेतलं, कापलेल्या जागी बसतंय का ते लावून बघितलं, आणि पुस्तक व पान दोन्ही आत घेऊन गेले. मामा बसकडे चालायला लागले. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना आपापल्या स्टॉपला सोडलं आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही.

*

सोमवारी कँटीनमध्ये मामांचा सत्कार होता. शाल, नारळ, आणि साहजिकच आमच्याच कंपनीचे टॉवेल. मामा नवा पांढरा शर्ट घालून आले होते. बरोबर मामी होत्या. त्या सारख्या पदराने डोळे पुसत होत्या आणि मधूनच हसत होत्या. पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसला होता. गांधी टोपी, पायांत नवी चप्पल, फार अवघडलेला. जेवणाची ताटं आली तशी मामांनी स्वतः उठून त्याच्या ताटात वाढलं. नको नको म्हणत असताना आणखी एक पुरणपोळी टाकली, आणि तो पहिला घास घेईपर्यंत समोर उभे राहिले.

साहेब माझ्या कानाशी लागले, पण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी थेट मामांनाच विचारलं, "मामा, हे कोण?"

मामांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मेव्हणा, साहेब. निर्दोष सुटलाय!"